जुन्या गोव्याच्या ‘से’पासून लिस्बनच्या ‘से’पर्यंत : विद्यार्थ्यांच्या परदेश सहलीतील कॅथेड्रल-भेटीची तयारी

पणजीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर, जुन्या गोव्यात, से कॅथेड्रल उभे आहे. गोव्यात वाढलेल्या बहुतेक मुलांनी ते बसच्या खिडकीतून पाहिलेले असते, पण त्यांपैकी फारच थोडी मुले त्याच्या आत दहा मिनिटे शांतपणे थांबलेली असतात. अशा मुलांना थेट लिस्बनच्या कॅथेड्रलसमोर उभे केले, तर ती वर पाहतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे चालू लागतात, हे मी सहलींबरोबर जाताना पाहिले आहे. याउलट ज्या मुलांनी घरचे ‘से’ (पोर्तुगीजमध्ये कॅथेड्रल) आधी वाचलेले असते, त्यांना परक्या देशातील ‘से’ आपोआप वाचता येते. म्हणून हे मार्गदर्शन लिस्बनच्या विमानतळावर सुरू होत नाही, ते जुन्या गोव्यात सुरू होते. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांतील शाळांमधून पोर्तुगालला शैक्षणिक सहल नेऊ पाहणाऱ्या शिक्षकांना आणि सोबत जाणाऱ्या पालकांना समोर ठेवून ते लिहिले आहे. सहल दुसऱ्या देशात जाणार असली, तरी यातील बराचसा भाग तिथेही उपयोगी पडेल.

पहिली पायरी : तारीख ठरवताना चर्चचे पंचांग पाहावे

आपण सहलीची तारीख शाळेच्या सुट्टीवरून ठरवतो आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र कॅथेड्रल ही उपासनेची चालती जागा असल्यामुळे तिचे स्वतःचे पंचांग असते. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह दरवर्षी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मागे-पुढे सरकतो. त्या दिवसांत मोठे उपासनाविधी असल्याने पर्यटकांचा प्रवेश मर्यादित असू शकतो. जूनमध्ये जाणार असाल, तर १३ जून हा सेंट अँथनीचा सण लिस्बन शहराची सुट्टी असतो आणि कॅथेड्रलच्या आसपासचे जुने मोहल्ले आदल्या रात्रीपासून गर्दीने भरून जातात. हा सण गोव्यातही ‘सांत आंतोन’ या नावाने ओळखीचा असल्याने मुलांना त्यात रस वाटेल, पण तीस मुलांना घेऊन त्या गर्दीत शिरू नये.

आठवड्याच्या वारांतील निवड सोपी आहे. रविवार टाळावा. एकदा आमचा गट रविवारी सकाळी पोहोचला, तेव्हा आत मिस्सा (रविवारची सामुदायिक उपासना) चालू होती आणि आम्हाला सव्वा तास पायऱ्यांवर थांबावे लागले. वेळापत्रक आखताना वार न पाहिल्याची ती चूक पूर्णपणे माझी होती आणि त्या दिवशीच्या पुढच्या ठिकाणाला मुलांना त्यामुळे मुकावे लागले. मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादी सकाळ, दार उघडल्यानंतरचा पहिला तास, ही सर्वांत चांगली वेळ होय. लिस्बनच्या ‘से’मध्ये भेटीसाठी तिकीट लागते. दर, वेळा आणि गटांसाठीच्या सूचना कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर पाहून, निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी ईमेलने कळवून ठेवावे.

दुसरी पायरी : कागदपत्रे, आणि गोव्यातील एक खास गुंतागुंत

पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात) असल्याने अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा काढावा लागतो. प्रवास सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. शाळेच्या गटाने मात्र पंधरा दिवसांवर विसंबू नये, तीन महिने हातात ठेवावेत. पासपोर्ट मागील दहा वर्षांत काढलेला, शेंगेन क्षेत्र सोडल्यानंतर आणखी तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. इथे शाळा हमखास अडखळतात, कारण अल्पवयीन मुलांचा भारतीय पासपोर्ट दहा नव्हे, तर सामान्यतः पाच वर्षांसाठी मिळतो आणि पाचवीत काढलेला पासपोर्ट दहावीत संपलेला असतो. सहल जाहीर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाच्या पासपोर्टची शेवटची तारीख एका वहीत उतरवून घ्यावी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय संरक्षणाचा लागतो. अल्पवयीन मुलांसाठी दोन्ही पालकांचे नोटरीसमोर केलेले संमतीपत्र लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः हजर राहावे लागते, म्हणून परीक्षेच्या आठवड्यात ती तारीख घेऊ नये.

अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना शेंगेन नियमांत व्हिसा शुल्कातून सूट आहे, ही गोष्ट अनेक शाळांना ठाऊक नसते. त्यासाठी सहलीचे शैक्षणिक उद्दिष्ट, दिवसवार कार्यक्रम आणि विद्यार्थ्यांची यादी असलेले शाळेच्या छापील पत्रावरील मुख्याध्यापकांचे पत्र जोडावे आणि अर्ज भरतानाच या सवलतीची विचारणा करावी. सेवा केंद्राचे शुल्क वेगळे असते, ते भरावे लागते.

आता गोव्यातील खास गुंतागुंत. आजी-आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली कुटुंबे आपल्याकडे आहेत आणि त्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात. अशा मुलाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, तर त्याला तिकडे जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, पण भारतात परतण्यासाठी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे) किंवा भारताचा व्हिसा लागतो आणि ओसीआय असताना नवा पासपोर्ट काढला असेल, तर त्याची नोंद ओसीआयच्या संकेतस्थळावर झालेली असावी लागते. विमानतळावर ही मुले वेगळ्या रांगेत जातील. त्यांच्यासोबत एक शिक्षक नेमून द्यावा आणि हे आधीच ठरवावे. त्याचबरोबर कोणाकडे कोणता पासपोर्ट आहे, याची वर्गात चर्चा होऊ देऊ नये. हा घराघरांतील नाजूक विषय असतो आणि मुलाला त्यावरून अवघडल्यासारखे वाटणे सहलीच्या पहिल्याच दिवशी नको.

तिसरी पायरी : वर्गात चार शब्द पक्के करावेत

वास्तुशास्त्राचा धडा घेण्याची गरज नाही. चार गोष्टी पुरतात, पण त्या पक्क्या हव्यात. पहिली म्हणजे कॅथेड्रल याचा अर्थ ‘मोठे चर्च’ असा नाही. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते, ते कॅथेड्रल. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेल्या ‘काथेद्रा’ या शब्दाचा अर्थच आसन असा आहे आणि ‘से’ हा पोर्तुगीज शब्दही आसन याच अर्थाच्या ‘सेदेस’ या लॅटिन शब्दापासून आला आहे. म्हणूनच सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष जिथे आहेत, ते बॉम जेझूस कितीही प्रसिद्ध असले, तरी ते कॅथेड्रल नाही, ती बॅसिलिका, म्हणजे पोपने विशेष मान दिलेले चर्च, आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मधले लांब दालन आणि त्याच्या दोन्ही बाजूंची अरुंद दालने. तिसरी, या दालनांना आडवा छेद देणारा भाग, ज्यामुळे आराखडा क्रुसासारखा होतो. चौथी, मुख्य वेदी आणि तिच्या मागून फिरणारा मार्ग.

मुलांना हे मंदिराच्या भाषेत सांगितले, तर लवकर कळते. मधले दालन म्हणजे सभामंडप आणि वेदीमागचा मार्ग म्हणजे प्रदक्षिणेची वाट, असे सांगायला हरकत नाही. मंगेशीच्या किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेच्या देवळात वाढलेल्या मुलाला ते चित्र डोळ्यांसमोर दिसते. मात्र ही तुलना कुठे तुटते, हेही त्याच तासाला सांगावे. गाभाऱ्यात पुजारीच जातो आणि देव तिथे राहतो, तर चर्चमध्ये जमलेल्या सगळ्या समुदायाला वेदीवरचा विधी दिसावा, या दृष्टीने जागेची रचना केलेली असते. देवळात चपला बाहेर काढतात, चर्चमध्ये काढत नाहीत, पण पुरुष टोपी काढतात. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण दारात मुले नेमकी तिथेच गोंधळतात.

भाषेसाठी वेगळा वेळ द्यायची गरज नाही. चावी, बटाटा, साबण, पगार, पाव, पाद्री हे शब्द पोर्तुगीजमधूनच आपल्याकडे आले आहेत आणि ‘इग्रेजा’ पाटीवर वाचली की आपली इगर्ज मुलांना लगेच ओळखू येते.

चौथी पायरी : जुन्या गोव्यातील सराव

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिच्यासाठी पूर्ण सकाळ ठेवावी. २४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापर्यंतचे (सणापर्यंतचे) दिवस सोडून कोणतीही सकाळ चालते. से कॅथेड्रलमध्ये प्रवेशशुल्क नाही.

सुरुवात बॉम जेझूससमोर करावी. गेल्या शतकाच्या मध्यात त्या इमारतीचा गिलावा काढला गेल्याने तिचे जांभ्याचे चिरे उघडे दिसतात. मुलांना ते चिरे जवळून पाहू द्यावेत, आपल्या घरांच्या भिंतींतही तेच असतात. मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रलपाशी यावे आणि विचारावे, या पांढऱ्या भिंतीच्या आत काय असेल? उत्तर तेच, जांभा, वर चुन्याचा गिलावा. पावसाळी हवामानात जांभ्याला गिलावा का लागतो, हे गोव्यातील मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर होकायंत्र काढावे. फोनमधले चालेल, पण वीस रुपयांचे खरे होकायंत्र हातात घेतलेले मुलांच्या जास्त लक्षात राहते. युरोपातील जुन्या चर्चची वेदी साधारणपणे पूर्वेला आणि दर्शनी भाग पश्चिमेला असतो. जुन्या गोव्याच्या ‘से’चा दर्शनी भाग मात्र पूर्वेकडे आहे. ही दिशा वहीत लिहून ठेवावी, लिस्बनला तिची गरज लागणार आहे.

आता समोरच्या मनोऱ्यांकडे पाहावे. दर्शनी भागाला मूळचे दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा कधीच बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. सोन्याची ती नाही, तिच्या नादामुळे हे नाव पडले आहे. मुलांनी दर्शनी भागाचे चित्र काढावे आणि हरवलेला मनोरा तुटक रेषांनी पूर्ण करावा. पंधरा मिनिटांच्या या कामात प्रमाणबद्धतेविषयी जे कळते, ते तासाभराच्या व्याख्यानात कळत नाही.

आत गेल्यावर आधी पाच मिनिटे बसावे, काहीही बोलू नये. या इमारतीचे काम १५६२ मध्ये सुरू झाले, मुख्य बांधकाम १६१९ मध्ये पुरे झाले आणि वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले, म्हणजे सुरुवात करणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही शेवट पाहिला नाही. लांबी सुमारे ७६ मीटर आहे. मुलांना पावलांनी मोजायला लावावे, पण उपासना चालू नसेल तरच. बाहेरून आयताकृती दिसणारी इमारत आतून क्रुसाच्या आकाराची आहे, हे त्यांनी स्वतः शोधावे. मुख्य वेदीमागे सोनेरी मुलामा दिलेला भव्य कोरीव फलक आहे आणि त्यावर अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरिनच्या आयुष्यातील प्रसंग कोरले आहेत. तिची खूण म्हणजे चाक. चाक कोणाला आधी सापडते, एवढाच प्रश्न मुलांना द्यावा. त्यानंतर बाप्तिस्म्याचे कुंड पाहावे, ते १५३२ मधील, म्हणजे या इमारतीपेक्षाही जुने आहे.

पाचवी पायरी : अवघड इतिहास निघण्यापूर्वी बोलावा

जुन्या गोव्याचे कॅथेड्रल सेंट कॅथरिनचे का, या प्रश्नाचे उत्तर थेट १५१० मध्ये जाते. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकला तो दिवस २५ नोव्हेंबर, सेंट कॅथरिनचा सण होता. लिस्बनचे ‘से’ही विजयाच्या पाठोपाठच उभे राहिले. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेश याने ११४७ मध्ये मुस्लिम सत्तेकडून लिस्बन घेतले आणि त्यानंतर हे बांधकाम सुरू झाले. आपल्या मुलांच्या घरांत तर याहून जवळची आठवण असते. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, देव मंगेश पोर्तुगीजांच्या धाकाने १५६० मध्ये प्रियोळला नेला गेला, त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन (धर्मविरोधी ठरवलेल्यांवर खटले चालवणारे चर्चचे न्यायालय) सुरू झाले आणि ते १८१२ मध्ये संपले.

हे सारे वर्गात, निघण्यापूर्वी, कालानुक्रमे आणि स्पष्ट शब्दांत सांगावे, असे माझे ठाम मत आहे. ते लपवले, तर मुले ते चर्चच्या आत, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या स्वरात बोलतील. आपल्या वर्गात ख्रिस्ती मुलेही असतात. चारशे वर्षांपूर्वीच्या राजसत्तेच्या कृत्यांचा जाब शेजारच्या बाकावरील मुलाला विचारला जाऊ नये, हे शिक्षकाने त्याच तासाला सांगायला हवे. त्याचबरोबर इमारतीच्या कारागिरीचे मोल मान्य केले म्हणून इतिहास माफ होत नाही आणि इतिहास ठाऊक असला म्हणून कारागिरी कमी ठरत नाही, या दोन्ही गोष्टी दहावीतील मुलाला समजतात. आपण त्याला त्या सांगायच्या असतात.

सहावी पायरी : लिस्बनमधील सकाळ

गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही. दाबोळी किंवा मोपा येथून निघून वाटेत विमान बदलावे लागते. घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे जाते. पोहोचल्याच्या दिवशी कॅथेड्रल ठेवू नये, झोपाळलेल्या मुलांना काहीही दिसत नाही.

शहरात बस, ट्राम, मेट्रोने फिरण्यासाठी ‘नावेगांते’ हे कार्ड सोयीचे पडते आणि ते प्रत्येकाचे स्वतंत्र हवे, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. प्रसिद्ध २८ क्रमांकाची ट्राम कॅथेड्रलसमोरून जाते, पण गटाने तिने जाऊ नये. ती लहान असते, भरलेली असते आणि खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहे. बायशा या सपाट भागातून चढ चालत गेल्यास पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते. पदपथ गुळगुळीत लहान दगडांचे असल्याने पावसात निसरडे होतात, म्हणून चांगल्या तळव्यांचे बूट आवश्यक आहेत. वाटेत दिव्यांच्या खांबांवर जहाज आणि दोन कावळे शोधायला सांगावेत. शहराचे हे चिन्ह सेंट व्हिन्सेंटच्या अवशेषांशी जोडलेले आहे. ११७३ मध्ये ते अवशेष जहाजाने लिस्बनला आणले गेले आणि कावळ्यांनी त्यांची राखण केली, अशी आख्यायिका आहे.

गट आठ-दहा मुलांचे करावेत आणि प्रत्येकी एक मोठे माणूस द्यावे. प्रत्येक मुलाच्या खिशात मुक्कामाचा पत्ता, शिक्षकाचा फोन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक लिहिलेला कागद असावा. मूळ पासपोर्ट मुक्कामावरच्या तिजोरीत आणि प्रत जवळ ठेवावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. पाठीवरची पिशवी आत शिरताना पुढे घ्यावी, कारण वळताना ती शेकडो वर्षांच्या कोरीव कामाला लागते.

सातवी पायरी : आत काय पाहावे

दारापाशी पुन्हा होकायंत्र काढावे. इथे दर्शनी भाग पश्चिमेला आणि वेदी पूर्वेला, गोव्याच्या नेमके उलट. मुलांची वही इथे बोलू लागते. दोन भक्कम, कंगोरेदार मनोऱ्यांमुळे हे चर्च किल्ल्यासारखे दिसते आणि जिंकलेल्या शहरात बांधलेल्या इमारतीने तसे दिसणे आश्चर्याचे नाही. दगड चुनखडीचा आहे, जांभा नव्हे. मधल्या दालनाचे छत अर्धवर्तुळाकार कमानीचे आहे आणि तसेच छत मुलांनी जुन्या गोव्यात पाहिलेले आहे. दोन्हींमध्ये चारशे वर्षांचे अंतर आहे, हे तिथेच सांगावे. आत शिरल्यावर डाव्या हाताला बाप्तिस्म्याचे कुंड आहे. लिस्बनमध्ये ११९५ च्या सुमारास जन्मलेल्या सेंट अँथनीचा बाप्तिस्मा इथे झाला, अशी परंपरा आहे.

वेदीमागच्या फिरत्या मार्गात भाषा बदलते, जाड अर्धवर्तुळाकार कमानींऐवजी टोकदार कमानी दिसू लागतात. हा भाग चौदाव्या शतकातील. इथे लोपो फेर्नांदिश पाशेकू या सरदाराची समाधी आहे. हातात तलवार घेतलेला त्याचा पुतळा पहुडलेला आहे आणि पायाशी कुत्रा आहे. जवळच त्याच्या पत्नीची समाधी आहे आणि तिच्या हातात प्रार्थनेचे पुस्तक आहे. मुले इथे सर्वांत जास्त रेंगाळतात, त्यांना रेंगाळू द्यावे. चित्र काढायचे असेल, तर याच ठिकाणी.

मग १ नोव्हेंबर १७५५ ची गोष्ट सांगावी. तो सर्व संतांचा सण होता, सकाळी चर्च भरलेली होती आणि भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राची लाट आली आणि आगी लागल्या. कॅथेड्रलच्या मुख्य वेदीच्या भागाचे आणि मागील अंगणाच्या ओवऱ्यांचे मोठे नुकसान झाले. आज जे दिसते, त्यातील बरेच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जीर्णोद्धाराचे आहे. दर्शनी भागावरील गोल चक्राकार खिडकीही जुन्या तुकड्यांच्या आधारे नव्याने जोडलेली आहे. वरच्या सज्जात जाऊन ती जवळून पाहावी आणि कोणता दगड जुना, कोणता नवा, हे मुलांना ओळखायला लावावे. मागील ओवऱ्यांच्या अंगणात झालेल्या उत्खननात रोमन आणि मुस्लिम काळातील थर सापडले आहेत. हा भाग कामामुळे दीर्घकाळ बंद राहिलेला असल्याने तो खुला आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

उपासना चालू झाली, तर मागच्या बाकांवर शांत बसावे किंवा बाहेर पडावे. प्रसाद वाटला जातो, तेव्हा कॅथलिक नसलेल्या मुलांनी रांगेत उभे राहू नये. आपल्याकडे देवळात प्रसाद नाकारणे असभ्य मानतात, त्यामुळे मुले सद्भावनेने पुढे जातात. इथे जागेवर बसून राहणे हाच आदर होय, हे आदल्या दिवशीच सांगावे. फ्लॅश वापरू नये आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचे छायाचित्र कधीही काढू नये. आपल्या वर्गातील कॅथलिक मुलांना गुडघे टेकून प्रार्थना करायची असेल, तर त्यांना पाच मिनिटे स्वतंत्र द्यावीत आणि बाकीच्यांनी तोवर वाट पाहावी.

एकूण दीड तास पुरतो. त्यापुढे मुलांचे लक्ष टिकत नाही आणि खाली उतरताना सेंट अँथनीचे छोटे चर्च लागतेच. परंपरेनुसार त्याचा जन्म तिथेच झाला.

आठवी पायरी : परतल्यावर

त्याच संध्याकाळी मुक्कामावर प्रत्येक मुलाने एका कागदावर दोन्ही ‘से’चे आराखडे शेजारी शेजारी काढावेत, दिशेचा बाण दोन्हींवर दाखवावा आणि फक्त तीन फरक लिहावेत. गोव्यात परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत, हे कागद घेऊन, पुन्हा एकदा जुन्या गोव्याला जावे. कदंबची (गोव्याच्या राज्य परिवहनची) बस तीच, अंतर तेच दहा किलोमीटर. यावेळी शिक्षकाने काही सांगू नये. मुलांना कोसळलेल्या मनोऱ्याच्या रिकाम्या जागेखाली उभे करावे, तुटक रेषांचे जुने चित्र त्यांच्या हातात द्यावे आणि लिस्बनमध्ये पुन्हा उभारलेल्या भागांकडे पाहून आल्यानंतर हा मनोरा बांधायला हवा होता की नाही, यावर त्यांना एकमेकांशी बोलू द्यावे.